वावरातली ओटी

माय,

तुझ्या नातीला दवाखान्यातून घरी आणलं. ती बरी आहे. पोटातलं लेकरू हलतं. हे आधी सांगते, कारण तू कुठलीही गोष्ट शेवटाकडून विचारायचीस. माझा निकाल लागला त्या दिवशी मी गुणांचं सांगायला लागले, तर तू चुलीपुढून मान न वळवता म्हणालीस, "पास झाली का नाई ते बोल पहिले. बाकी मंग." तर ती बरी आहे. बाकीचं मी कुणाला सांगितलेलं नाही. कचेरीत जाते, टपाल पुढ्यात येतं, शिक्का उचलते आणि उचललेला हात तसाच राहतो. परवा साहेबांनी तेलुगूत विचारलं, तब्येत बरी नाही का. मी म्हटलं, झोप झाली नाही. हे गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही, आणि लेकीशी हे बोलता येत नाही. म्हणून तुझ्याशी.

सातव्या महिन्यात ती हैदराबादहून आली. जावई गाडी चालवत होते आणि मागची सीट खोक्यांनी भरली होती. प्रतिकारशक्ती वाढवायची पावडर, कसल्या तरी बियांचं पीठ, डब्यावर हिरवं पान छापलेलं तूप, आणि पाण्याचे मोठे कॅनसुद्धा. मी म्हटलं, "अगं, उटनूरला पाणी आहे." ती म्हणाली, "आई, तू लेबल वाचत नाहीस, हाच प्रॉब्लेम आहे." मग आमच्या स्वयंपाकघरात बसून तिने एकेक पुडा उलटून बघितला. बिस्किटात पामतेल, लोणच्यात परिरक्षक, मसाल्यात रंग. जावई शेव खात होते, त्यांच्या हातातली पुडी घेऊन तीही वाचली. ते म्हणाले, "हिला आता माझ्यावरही लेबल लावायचंय." हसलो सगळे. ती चांगल्यासाठीच करत होती, माय. तिच्या ओळखीतल्या कुणाला काय काय आजार झाले ते ती सांगायची, आणि सगळ्याचं कारण शेवटी खाण्याशी येऊन थांबायचं. मला ते पटतही होतं. मीच तिला म्हटलं, "तुझ्या आजीनं आम्हाला वाढवलं त्या भाजीला लेबल नव्हतं." आणि मग मी तिला आपली रीत सांगितली.

तू ती कुठून काढलीस मला माहीत नाही. तुझ्या मायनं तुझं केलं होतं म्हणायचीस. लोकांकडे सातव्या महिन्यात झुला बांधतात, फुलांचे दागिने घालतात, पाच सुवासिनी बोलावतात. आपल्याकडे तेवढं करायची ऐपत नव्हती, आणि तुला दिवसाचा रोजही बुडवायचा नव्हता. म्हणून तू मला पटलाच्या वावरात घेऊन गेलीस, जिथे तू मजुरीनं निंदायला जायचीस. कपाशीची पऱ्हाटी कमरेला आलेली, मधून मधून बरबटीची, लेकीच्या भाषेत चवळीची, तासं, धुऱ्यावर अंबाडी आणि वाळकं. बाया निंदत पुढे गेलेल्या. तू माझ्या पदराचा खोळा करून माझ्याच हातात दिलास आणि म्हणालीस, "तुई ओटी मी नाई भरत. तुया हातानं भर. जे वाटन ते तोड अन् उभ्या उभ्या खा. लेकराले मातीतलं पहिलं भेटू दे." बाया लांबून चिडवत होत्या, "आता पटलाची बरबटी संपते आज!" तू त्यांना शिवी दिलीस आणि हसलीस. मी खूप खाल्लं होतं. कोवळ्या शेंगा कडकड मोडायच्या. त्यांना थोडा तुरट, थोडा गोड असा रस होता. तसं काही मी पुढे कधी खाल्लं नाही.

हे ऐकून लेक उठूनच बसली. "आई, हे तर खरं ऑरगॅनिक! मला जायचंय." जावई म्हणाले, गाडी काढतो. मामाचा धाकटा तुला आठवतो ना, लहानपणी तुझ्या मागे मागे फिरायचा तो. पटलाच्या पोरांनी शहरात घरं केली, तेव्हापासून ते वावर तोच मक्त्यानं करतो. पऱ्हाटीत बरबटीची तासं तो अजून टाकतो. मला वाटलं, बघ, तसंच सगळं आहे.

नार्नूरच्या अलीकडे गाडी उभी केली तेव्हा बऱ्याच दिवसांनी ऊन पडलेलं होतं. भाऊ बाजाराला गेला होता. त्याची बायको दारात भांडी घासत होती, हात पुसत उठली. "आक्का! बातमी न देता?" मी म्हटलं, पोरीची ओटी भरायची आहे वावरात, मायनं माझी भरली होती तशी. ती लेकीच्या पोटाकडे बघून हसली. "घ्या न, आपलंच हाये. शेंगा मस्त लागल्या." तिने चहा ठेवला, आम्ही म्हटलं आल्यावर घेऊ.

वावरात शिरताना वास आला होता. हे मी लपवत नाही. तिखट, नाकात बसणारा. मी म्हटलं, शेजारच्या वावरात कुणी फवारलं असेल. पानांवर पांढरट ठिपके होते, ते मला पावसाने उडालेली माती वाटली. मी लेकीच्या ओढणीचा खोळा करून तिच्या हातात दिला आणि तुझेच शब्द म्हटले. मला ते बोलताना रडू येत होतं. जावई मोबाइलवर शूटिंग करत होते. ती एकेक शेंग तोडायची, ओढणीला पुसायची आणि खायची. "आई, काय गोड आहे गं!" मी दोन-चार तोंडात टाकल्या. ती खातच सुटली. जावयांना दिली तर ते म्हणाले, मला कच्चं जमत नाही, तुमच्या लेकरालाच द्या. उरलेल्या शेंगांनी ओढणी भरली. परत येऊन आम्ही चहा घेतला, भावजयीनं लेकीला कुंकू लावलं आणि आम्ही निघालो.

दुपारी जेवायला उठवलं तर ती घामाने भिजलेली. आधी मळमळ, मग उलट्या. मला वाटलं, उन्हाचं असेल. मग तोंडातून लाळ गळायला लागली, डोळ्यांतून पाणी, आणि ती म्हणाली, "आई, मला नीट दिसत नाहीये." तिचं बोलणं जड झालेलं. जावयांनी तिला उचललं तेव्हा तिचा हात थरथरत होता, दंडाचं मांस आपोआप हलत होतं. मला स्वतःलाही पोटात ढवळत होतं, पण ते मला नंतर आठवलं. उटनूरच्या दवाखान्यात बघितलं आणि लगेच आदिलाबादला पाठवलं. गाडीत मी तिच्या पोटावर हात ठेवून बसले. काही हलत नव्हतं. जावई पुढून सारखे विचारत होते, "हलतंय का?" मी म्हणत होते, हो.

तिथे तिला आत घेतलं आणि एक नर्स मला बाजूला घेऊन गेली. तेलुगू, हिंदी सगळं मिसळून हळूच म्हणाली, "अम्मा, घरात भांडण झालं का? नवरा मारतो? सासूनं काही बोललं?" मला कळेचना ती काय विचारते. तिने परत विचारलं, "पोरीनं मंदू कधी घेतलं? किती घेतलं? बाटली आणली का?" मंदू म्हणजे फवाऱ्याचं औषध. माय, माझ्या लेकीनं विष प्यायलं असं त्यांना वाटत होतं. मागे वळून बघितलं तर एक पोलीस जावयांशी बोलत होता आणि जावई भिंतीला टेकून उभे होते, त्यांच्या शर्टावर तिची उलटी. मी म्हटलं, "नाही हो, आम्ही डोहाळे करायला गेलो होतो." नर्सनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही लपवते आहे. मी म्हणत राहिले, घरचंच खाल्लं, बाहेरचं काही नाही, ती पाणीसुद्धा बाहेरचं पीत नाही. डॉक्टरीण बाई आल्या, वयाने माझ्या लेकीएवढ्या. त्यांनी लेकीच्या डोळ्यात उजेड टाकला, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. त्या तिच्या कानाशी वाकून विचारत होत्या, काय खाल्लं, काय प्यालं. आणि तिने सांगितलं, "शेंगा. आजीच्या वावरातल्या."

बाईंनी मान वर करून मला विचारलं, "कपास में के?" मी हो म्हटलं. "धोये थे?" उभ्या उभ्या खायची रीत आहे, हे कसं सांगायचं? त्या नर्सला काहीतरी म्हणाल्या आणि इंजेक्शनं चालू झाली. बऱ्याच वेळाने पोटावर यंत्र लावलं. खरखर, खरखर, आणि मग घोडा पळावा तसा आवाज. बाई म्हणाल्या, "है. बच्चा है." जावई खाली बसले. मी उभीच होते. मला बसायचं सुचलं नाही.

ती शुद्धीवर होती पण अशक्त, पुढचे काही दिवस तिथेच काढावे लागले. भाऊ धावत आला. बाहेर झाडाखाली उभा राहून रडला आधी. मग त्याने सांगितलं. आदल्या दिवशी पावसाची उघाड मिळाली म्हणून त्याने सकाळीच फवारलं होतं, दोन औषधं एकाच पंपात मिसळून. "वेगवेगळं मारायले माणूस कुठी भेटते आक्का? अन् अळी थांबते का?" बायकोला सांगायचं राहिलं, ती माहेराहून त्याच संध्याकाळी आलेली, आणि ओटीच्या शेंगा आम्ही घरी नेऊन धुऊन शिजवू असं तिला वाटलेलं. मी म्हटलं, "अरे पण तुम्ही काय करता? तुमची पोरं खातात ना त्या शेंगा?" त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी काही भलतंच विचारलं.

"आमी नाई खात. लय साल झाले. त्या वावरातलं तोंडात नाई घालत आमी काही."

"मग भाजी?"

"बाजारातून आणतो न."

"मग ती बरबटी लावता काऊन?" मीही तुझ्यासारखं बोलायला लागले होते.

"विकायले. उटनूरच्या बाजारात जाते आपली बरबटी. चांगला भाव देते."

मी दर आठवड्याला उटनूरच्या बाजारात बरबटी घेते, माय. कोवळी असते म्हणून. गावाकडची आहे म्हणून. मी त्याला विचारलं, तू ज्या बाजारातून भाजी आणतोस तिथे ती कुठून येते. तो म्हणाला, "ते मले काय माईत?" आणि थोड्या वेळाने स्वतःच म्हणाला, "असन कोणाच्या तरी वावरातली." जाताना तो म्हणाला, "मले वाटलं तुमाले माईत असन. तुमी तर शयरातल्या." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. तो खरंच तसं समजत होता. आणि मी खरंच समजत होते, की वावरातल्यांना माहीत असेल.

घरी सोडताना डॉक्टरीण बाईंनी मला खुर्ची दिली. सगळं नीट समजावलं, काय खायचं, कशावर लक्ष ठेवायचं. मग कागदावर लिहिता लिहिता सहज विचारलं, घरात आधी कुणाचं बाळंतपण बिघडलं होतं का, मूल गेलं होतं का. आईचं, बहिणीचं. मी म्हटलं, माझं पहिलं. आठव्या महिन्यात. त्यांनी विचारलं, कारण? आणि माझ्या तोंडून तुझं उत्तर आलं. मी म्हटलं, "पपई."

बाई हसल्या नाहीत. लिहिलंही नाही. पण मी तिथे बसून मनात दिवस मोजायला लागले. आजपर्यंत मी हे दोन दिवस कधी शेजारी ठेवून बघितले नव्हते. तू मला वावरात नेलंस, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी पोटातला मुलगा गेला. त्या संध्याकाळी मला उलट्या झाल्या होत्या. तू म्हणालीस, लेकराचे केस पोटाला टोचतात. तुझंही डोकं दुखत होतं, तू कपडा बांधून पडली होतीस. पण फवारणीच्या दिवसांत तुझं डोकं रोजच दुखायचं, त्यात कुणाला काय वाटणार? वास तेव्हाही होता. पऱ्हाटीचा वासच तसा असतो, असं मी समजत मोठी झाले.

तू त्याला स्वतः न्हाऊ घातलंस. मला बघू दिलं नाहीस. मग आठवडाभर बोलली नाहीस, आणि बोललीस तेव्हा असं बोललीस, "सांगतलं होतं न तुले, पपई खाऊ नको. टरेनिंगले गेली अन् खाऊन आली. शिकली म्हणून काय झालं? पोटातलं लेकरू तुया पुस्तकानं नाई चालत." एक फोड खाल्ली होती मी, मैत्रिणीने डब्यात आणलेली, आणि येऊन तुला सांगितलीही होती. त्याच दिवशी तू आपल्या अंगणातलं पपईचं झाड कुऱ्हाडीनं तोडलंस, फळं लागलेली असताना. शेजारीण फळं मागायला आली तर तिलाही दिली नाहीस, खड्डा करून पुरलीस.

आणि दुसऱ्या वेळी, म्हणजे हिच्या वेळी, मी वावरात आलेच नव्हते. यांची बदली लांब झाली होती, सासूबाईंनी पाठवलं नाही. तू निरोप पाठवलास, "मोठी झाली आता. वावराची लाज वाटते." लाज नव्हती, माय. हिचा जन्म नीट झाला तेव्हा तू आलीस, तिला मांडीवर घेतलंस आणि सगळ्यांना म्हणालीस, "या वेळी पपई नाई न खाल्ली." मीही तेच मानलं. मी आजवर पपई खाल्लेली नाही. लेकीलाही सासरी बजावून पाठवलं होतं, आणि तिनेही या सात महिन्यांत शिवली नाही.

मी बाईंना परत विचारलं, असं होऊ शकतं का? त्या म्हणाल्या, "अम्मा, इतने साल बाद कौन बोल सकता है?" बरोबर आहे. कुणीच सांगू शकत नाही. कदाचित ते शेंगांनी नसेल. मी स्वतःला हे रोज सांगते आणि भाजी चिरायला घेतली की हात थांबतो. तू आम्हाला जे भरवलंस, तेच चांगलं, बाकी सगळं भेसळीचं, हे मी इतकी वर्षं लोकांना ऐकवत आले. कचेरीत डबा उघडला की सांगायचे.

काल बाजारात गेले. घरात गरोदर बाई आहे, काहीतरी शिजवावंच लागतं. नेहमीच्या भाजीवालीपुढे बरबटीचा ढीग होता, पाणी मारून चमकवलेला. मी विचारलं, "यावर फवारलेलं आहे का?" ती मोठ्याने हसली आणि शेजारणीला म्हणाली, "पाय वं, ही बाई काय इचारते!" मग मला म्हणाली, "औषध नाई मारलं तर अळी खाते बाई. मंग तुमी घेसान का किडकी? तुमीच तर एक छिद्र दिसलं का फेकता." खरं आहे, मी फेकते. मी कोबी उचलला, ठेवला. वांगी उचलली, ठेवली. शेवटी दुधी घेतला, साल जाड असते म्हणून. घरी येऊन मीठ-हळदीच्या पाण्यात बुडवून ठेवला आणि किती वेळ ठेवायचा ते मला माहीत नव्हतं.

लेक आता कुठलंच लेबल वाचत नाही. खोकी तशीच पडली आहेत. समोर येईल ते थोडं थोडं खाते, आणि पोटावर हात ठेवून गप्प पडते. डॉक्टरीण बाई म्हणाल्या आहेत, लेकरू हाती येईपर्यंत काही नक्की सांगता येणार नाही. विहिणीचा फोन आला, "जयभीम ताई, काय झालं हो पोरीला?" मी म्हटलं, प्रवासात बाहेरचं काही खाण्यात आलं. जावई समोर होते, ते उठून बाहेर गेले.

आज दुपारी मी तिच्या पायाला तेल लावत होते. ती छताकडे बघत म्हणाली, "आई, आजीनं तुला त्याच वावरात नेलं होतं ना? तूही तशाच शेंगा खाल्ल्या होत्यास ना, न धुता?"

मी म्हटलं, "हो."

"तेव्हा मी पोटात होते ना?"

तिला पहिल्याचं माहीत नाही. आपण तिला कधी सांगितलंच नाही, तूही नाही आणि मीही नाही. तिचा चेहरा मी या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा असा बघितला, काहीतरी हाताला लागल्यासारखा.

मी म्हटलं, "हो. तूच होतीस."

"मग मी झालेच ना नीट?" असं म्हणून ती कुशीवर वळली आणि तिला झोप लागली. मी तेलाचे हात घेऊन तिथेच बसून राहिले.

तुला लिहिता-वाचता येत नव्हतं. मावशीची पत्रं यायची, ती मी तुला वाचून दाखवायचे, आणि तुला झेपणार नाही असं वाटलं की ती ओळ सोडून पुढची वाचायचे. तुला कधी कळलं नाही, किंवा कळलं असेल आणि तू बोलली नाहीस. हे पत्र मी तुला पूर्ण वाचून दाखवलं नसतं, माय.